कॉमाआक्का

आक्का कॉमा तोंडानं म्हणायची. बाकीचे लोक तो बोटानं देतात आणि पुढे जातात. ही बोटानं देता देता मोठ्यानं म्हणायची, आणि तेही शेजारच्या चहावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "आनंदा बाळू, कॉमा. सुभाष बाळू, कॉमा. इंदूबाई बाळू." निपाणीत तालुका ऑफिसच्या मागच्या बोळात तिचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. तिचं खरं नाव बोळात कुणाला ठाऊक नव्हतं. कॉमाआक्का म्हटलं की कुणीही दुकान दाखवायचं.

मी मूळची कडोलीची. लग्न होऊन निपाणीत आले तेव्हा माझ्याकडे एम.कॉम.ची पदवी होती आणि कॉम्प्युटरचा एक कोर्स, आणि या दोन्हींचा मला भलता अभिमान होता. बँकेतली नोकरी मिळेपर्यंत चार महिने काढू म्हणून मी आक्काकडे कामाला लागले. शाळेत स्वल्पविराम शिकलेल्या मला तिचं ते 'कॉमा, कॉमा' ऐकून पहिल्या आठवड्यात डोकं दुखायला लागलं. चार महिन्यांची सहा वर्षं कशी झाली ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

दुकानात सगळ्यात जास्त काम वारसा अर्जांचं. घरातला माणूस गेला की शेताच्या उताऱ्यावर त्याच्या जागी वारसांची नावं चढवावी लागतात. आक्का प्रत्येक वारसाची माहिती कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात वेगळ्या ओळीत भरायची: नाव, नातं, वय, गाव. अर्जात मात्र वारसांसाठी चौकट एकच. मग त्या चार ओळींतली, कधी अकरा ओळींतली, नावं उचलून एका चौकटीत बसवायची, मधे कॉमा देऊन. याला ती जोडणी म्हणायची. एकेका ओळीला चिन्ह लावत, कॉमा टाकत, पुढच्या ओळीला हात घालत ती हे सूत्र लिहायची, आणि अकरा नावांना तिला दहा मिनिटं लागायची.

मी आल्या आल्या तिला नवीन सूत्र दाखवलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदाच खूण करायची, की सगळी नावं क्षणात एका चौकटीत. आक्कानं चष्मा वर करून पाहिलं. "लई झ्याक हाय गं," ती म्हणाली, "पर ते तोंड उघडत न्हाय." दुसऱ्या दिवसापासून ती माझं सूत्र वापरायला लागली, आणि जोडलेली चौकट गिऱ्हाइकासमोर पहिल्यापासून वाचायला लागली. म्हणजे वेळ वाचला तो तिनं वाचनात घातला.

वाचल्याशिवाय कागद दुकानाबाहेर जायचा नाही, हा तिचा एकमेव नियम. निपाणी कर्नाटकात, म्हणून अर्ज कन्नडमधून. गिऱ्हाईक निम्मंअधिक मराठी, त्यातल्या बऱ्याच जणांना कन्नड बोलता येई पण वाचता येत नसे. त्यामुळे आक्का पडद्यावर बोट ठेवून नाव वाचायची, कॉमा म्हणायची आणि समोरच्याकडे बघायची. तो "व्हय" म्हणाला की बोट पुढे. रांग वाढली, कुणी कुरकुरलं, तरी तिचं बोट आपल्या चालीनं चालायचं. मला मेलीला भयंकर राग यायचा.

शेवंता आली ती अशाच एका गर्दीच्या दिवशी. कोगनोळीच्या अलीकडे त्यांचं शेत. नवऱ्यानं टाकल्यापासून बारा वर्षं ती बापाच्या रानातल्या दोन खोल्यांत राहत होती, दोन म्हशी सांभाळत होती. बाप नुकताच गेला होता. थोरला भाऊ गणपत तिला म्हणाला होता, वारसा होऊ दे, मग खोल्यांचं बघू. हे 'बघू' तिला बरोबर कळलं होतं. तिनं आपल्या आधार कार्डाची झेरॉक्स भावांच्या आधीच आलेल्या झेरॉक्सांवर आक्कापुढे ठेवली आणि ती तिथंच उभी राहिली.

"माझं नाव घालतील न्हवं, आक्का?"

"कोन घालतील म्हनून काय इचारतीस? घालनार मी," आक्का म्हणाली. तिनं तिच्यासमोरच ओळ भरली. गणपतची पहिली, धाकट्या मारुतीची दुसरी, शेवंताची तिसरी.

आठवड्याभरानं आक्का डोळे दाखवायला बेळगावला कॅम्पमधल्या डॉक्टरांकडे गेली होती. दुपारी परतणार होती. दुकानात मी एकटी, आणि कोगनोळीकडच्या अर्जांचा तो शेवटचा दिवस. चारला तालुका ऑफिसची खिडकी बंद. लोक दारात, पायरीवर, बोळात. त्यात लाइट गेली, आली, आणि आमचा बरा कॉम्प्युटर उठेचना. फायली पेनड्राइव्हवर होत्या, म्हणून मागचा जुना चालू केला. त्याला माझं नवीन सूत्र समजत नव्हतं. दरवेळी चौकटीत चूक दाखवायचा.

गणपत अण्णा पुढे आला. पांढरा सदरा, हातात पिशवी, बोलणं अदबीचं. "ताई, तेवढं आमचं करा की. सकाळधरनं उभा हाय."

मी तिन्ही ओळी निवडल्या, आणि एका चौकटीत आणायच्या म्हणून सरळ चौकटी एकत्र करायचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारणा आली. अशा विचारणा दिवसातून पन्नास येतात. मी ठीक आहे म्हणून टाकलं, फाईल सेव्ह केली, छापली. शाई ओली असतानाच कागद त्याच्या हातात दिला.

त्यानं कागदाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "येवढंच बसतंय व्हय चौकटीत?"

मी मान वर न करता म्हणाले, "हो हो, बसतं सगळं." आणि पुढच्या माणसाचं कार्ड हातात घेतलं.

आक्का तीन वाजता आली. डोळ्यांत औषध घातलेलं, रुमाल लावलेला. आल्या आल्या म्हणाली, "काय काय गेलं? वाच."

मी यादी सांगत गेले. गणपतच्या नावाशी तिनं विचारलं, "वाचून दाखवलंस?" मी नाही म्हणाले. तिनं फाईल उघडायला लावली. एका मोठ्या चौकटीत, अगदी मधोमध, एकच नाव होतं. गणपत. खालची दोन नावं नव्हती. ती पडद्यावर कुठंच नव्हती. ती विचारणा काय होती ते तेव्हा मला कळलं: चौकटी एकत्र केल्या तर फक्त वरचं राहील, बाकीचं जाईल, चालेल का? आणि मी चालेल म्हणाले होते.

हरकती मागवायची नोटीस चावडीवर लागते, पण ती कन्नडमधून. शेवंताला मराठीसुद्धा जेमतेम वाचता येई. एकदा उताऱ्यावर एकट्याचं नाव चढलं की तिनं कुठल्या कोर्टात जायचं होतं, आणि कुणाच्या जिवावर? मी रडायला लागले. आक्कानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं झेरॉक्सांच्या गठ्ठ्यातून तीन कार्डं काढली.

"मला पडद्यावरचं दिसत न्हाय. मी वाचीन तसं तू टाईप कर," ती म्हणाली. कार्ड डोळ्यांना लावून ती वाचत होती आणि मी टाईप करत होते. "गणपत रामू, कॉमा." मी ऐकत होते. "मारुती रामू, कॉमा." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "शेवंता रामू." नवा कागद छापून हातात आला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

तिचे गुडघे गेलेले. तरी ती ऑफिसच्या जिन्यावर माझ्या पुढे होती. खिडकीपाशी गणपतच्या पुढे दोनच माणसं होती. आक्का त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"अण्णा, कागद चुकलाय. ह्यो नवा. सही कर."

"काय चुकलंय?"

"चौकटीत तीन नावं पायजेत. एकच हाय."

"मला कुठं कन्नड वाचता येतंय?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "मशीननं केलंय ते. मी काय सांगितलं न्हवतं. ह्या ताईला इचारलं पन, येवढंच बसतंय का. व्हय म्हनाली."

हे खरं होतं. माझी मान खाली गेली.

"चूक तिचीच हाय," आक्का म्हणाली. "म्हनून तर आलोय दोघी. तुला वाचता येत न्हाय तर मी वाचते." आणि तिनं नवा कागद धरून नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. "गणपत रामू, कॉमा." सगळी रांग वळून बघायला लागली. कॉमा म्हणून ती थांबली, आणि दुकानात थांबायची तशीच त्याच्याकडे बघत राहिली.

त्यानं खिडकीकडे पाहिलं. रांगेतला एक माणूस सरकला. आता त्याच्या पुढे एकच होता.

"मारुती रामू, कॉमा," आक्का म्हणाली आणि पुन्हा थांबली. "म्होरं कोन, अण्णा?"

"आक्का, घरातलं हाय हे. तिला मी काय रस्त्यावर टाकतोय व्हय?"

"टाकत न्हाईस न्हवं? मग सही कर."

खिडकीतून कारकुनानं हात बाहेर काढला. गणपतची पाळी आली होती. त्याच्या एका हातात जुना कागद होता. दुसरा आक्कानं पुढे केला होता, त्यावर पेन. औषधानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुढे केलेला हात ती खाली घेत नव्हती. मला वाटलं हा आता जुनाच कागद आत देणार. आम्ही काय करणार होतो? दोन बायका, एक आंधळी झालेली आणि एक चूक केलेली.

"शेवंता रामू," मागून एक म्हातारा म्हणाला. त्याला बहुधा नुसतं आठवलं म्हणून म्हणाला असेल, त्याच गावचा होता. गणपतनं मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीला कागद लावून त्यानं सही केली. जुना कागद चुरगळून पिशवीत टाकला. नवा खिडकीत दिला आणि तो आला तसा निघून गेला.

जिना उतरून आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. चहावाल्यानं न सांगता दोन कप आणून दिले. मी म्हणाले, "आक्का, उद्यापासून मी येत नाही. एवढी विचारणा समोर आली आणि मी न वाचता..."

"तुला मशीननं इचारलं तरी," ती म्हणाली.

मला कळलं नाही. ती चहा फुंकत राहिली. मग डोळे पुसत पुसत सांगायला लागली. तिचा बाप गेला तेव्हा ती एका वकिलाकडे टायपिस्ट होती. वारसा अर्ज तिनंच टाईप केला. तीन भाऊ, मधे दोन कॉमा. "चौथं माझं. घातलं न्हाय. कुनी हात धरला न्हवता माझा, कुनी इचारलं बी न्हवतं. थोरला नुसता म्हनला, आक्का, तू तर घरातलीच हाईस की. मला बी ते गोड वाटलं." पुढे चार वर्षांत भावजया आल्या, आणि घरातल्या आक्काला निपाणीत खोली बघावी लागली. "तिसऱ्या नावाम्होरं, कॉमा द्यायचा न्हवता तितं बोट थांबलंतं माझं. लई येळ थांबलंतं. तवापास्नं मोठ्यानं म्हनते."

महिन्यानं शेवंता खरवस घेऊन आली. नव्या उताऱ्याची प्रत पुढे ठेवून म्हणाली, "ह्यात मी कुठली?" आक्कानं तिचं बोट धरून दुसऱ्या कॉमाच्या पुढे नेऊन ठेवलं. शेवंता ते काढायलाच तयार नव्हती. मी त्या दिवशीही कामावर होते, हे सांगायला नको. मला बँकेचं पत्र पुढे आलं, तेही मी उत्तर न देता ठेवून दिलं.

आक्का गेल्या वर्षी गेली. चार दिवसांचा ताप, आणि संपलं सगळं. लग्न केलेलं नव्हतं. दुकानाचा गाळा तिच्या नावावर, म्हणून वारस भाऊ. तेराव्यानंतर तिघे आले, आणि वारसा अर्ज करायला माझ्याकडेच आले. दुसरीकडे जायचं त्यांना सुचलं नसावं. थोरल्यानं तिच्या खुर्चीवर बसून आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, "बरं झालं, बाच्या उताऱ्यावर तिचं नाव न्हवतं. न्हायतर ते बी आता काढत बसायला लागलं असतं."

माझ्या तोंडात काय काय आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते गिळलं. वारसांच्या तीन ओळी भरल्या, त्या जोडल्या. मग मयताच्या चौकटीत तिचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे बापाचं नाव, आडनाव. सहा वर्षांत ते मी पहिल्यांदाच कुठल्या कागदावर टाईप करत होते, आणि माझं बोट तिथं बराच वेळ थांबलं.

"झालं न्हवं? छाप की," थोरला म्हणाला.

"वाचल्याशिवाय इथून कागद जात नाही," मी म्हणाले. तिघांना उभं केलं, पडद्यावर बोट ठेवलं आणि चहावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. पहिल्यांदा तिचं नाव वाचलं, आणि तिघांपैकी कुणीतरी "व्हय" म्हणेपर्यंत बोट पुढे नेलं नाही.