सौ. लिहायचं की गं.भा.?

आजी गेली. आजोबांचा पत्ता अजून लागलेला नाही, आणि तो लागूच नये अशी माझी इच्छा आहे.

आजोबा म्हणायलाही माझी जीभ वळत नाही. या पोस्टमध्ये मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. ज्यांना संस्कार वगैरे आठवतील त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करावं.

आज सकाळी उत्तरकार्याच्या पत्रिकेचं प्रूफ आलं. आप्पाकाकांनी, म्हणजे बाबांच्या मामेभावाने, भर ओसरीत विचारलं,
"भाऊ, नावना पुढे सौ. लिखू का गं.भा.?"

 

पंच्याण्णव वर्षांची बाई चार दिवसांपूर्वी गेली, आणि ती सवाष्ण होती की विधवा हे घरात कुणालाच सांगता येईना.

तर ऐका.

आजीचे वडील नंदुरबारजवळच्या कोरीटचे. शेती बरी, घोड्यांचा भारी नाद. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोडी घ्यायला गेले. दात बघितले, खूर बघितले, अंगावरचे केसांचे शुभ-अशुभ भोवरे एकेक करून तपासले.

तिथेच त्यांना तो दिसला. नंदुरबारला बंगला असलेल्या एका गोऱ्या साहेबाचे घोडे सांभाळणारा मोतद्दार. बिथरलेल्या घोडीच्या मानेवरून हात फिरवत त्याने तिला शांत केलं. एकदाही चाबूक नाही, एकदाही शिवी नाही.

आजीचे वडील घरी येऊन म्हणाले, "घोडाले जो जपस, तो बायकोले बी जपी."

झालं. घोडीचे सगळे भोवरे तपासणाऱ्या माणसाने जावयाचे फक्त हात बघितले.

लग्नाला वर्ष झालं असेल नसेल. इंग्रज चालले होते. साहेब विलायतेला न जाता आफ्रिकेला निघाला, तिकडे जमीन घेतली होती म्हणे. सोबत चार घोडे, दोन कुत्रे, पिंजराभर कोंबड्या. साहेबाच्या मुलीला दूध लागतं म्हणून गायसुद्धा, आणि गाय आटू नये म्हणून तिचं वासरू.

बोटीवर घोड्यांना माणूस लागतो. म्हणून तो.

आजी बैलगाडीतून नंदुरबार स्टेशनला गेली, कपड्यांचं गाठोडं घेऊन. तिला वाटलं, नवरा चाललाय म्हणजे आपणही चाललो. तिसरा महिना होता.

तो वॅगनमध्ये गवत पसरत होता. गाठोडं बघून म्हणाला, "बोटमा बायासले जागा नही. सहा महिना. घोडा रुळनात का मी उनूच समज."

गाडी सुरतेकडे गेली. आजी गाठोडं घेऊन माहेरी परत.

मी लहान असताना ती हे हसत सांगायची. "गाय चालनी, वासरू चालनं, कोंबड्या बी चालन्यात. मी चालनू नही."

आम्हीही हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

महिन्याभराने साहेबाचा खानसामा कोरीटला आला. साहेबाने खानसाम्याला इथेच सोडलं होतं, त्यामुळे पोटात दुखत असणारच. पण खानसामा बोलला ते असं:
"सायेबनी इचारं व्हतं, बायको लई येस का? जागा शे. तुमना जवाई बोलना, मन्हं लगीन व्हयेल नही."

म्हणजे जागा होती.

खानसाम्याचं हे मला या चार दिवसांतच कळलं; आयुष्यभर मी त्या साहेबाला शिव्या घालत आले. चुकीच्या माणसाला घातल्या.

आजीचे वडील त्याच दिवशी सारंगखेड्याहून आणलेली, दावणीची घोडी विकायला निघाले. आजीने दोर धरला. "घोडीना काय गुन्हा?" घोडी राहिली, म्हातारी होऊन मेली.

दोन वर्षांनी पत्र आलं. एकच. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. घोडे सुखरूप. काळी घोडी व्यायली. गवत चांगलं आहे. थंडी फार. सर्वांना नमस्कार.

बाबा तेव्हा आजीच्या कडेवर होते.

आजीने विचारलं, "त्यामा मन्हं नाव शे का?"
मास्तरांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

त्या घोडीच्या बाळंतपणाची बातमी समुद्र ओलांडून येते. स्वतःचं पोर जन्मलं की मेलं, हे विचारायला त्याला एक ओळ लिहिवली नाही. घोडे जपणारा कनवाळू माणूस! कपाळ माझं.

बारा वर्षं झाली तेव्हा भाऊबंद म्हणाले, इतकी वर्षं बेपत्ता म्हणजे मेलाच धरतात, आता गवताचा पुतळा करून त्याचे दिवस घालू, म्हणजे तू मोकळी. पळून गेलेल्याला मेला म्हणायला आजीने साफ नकार दिला.
"तो मरना नही. पयी गया. मरना म्हनसू त सुटी जाई."

मग गावाने तिला अधांतरी ठेवलं. हळदीकुंकवाला सवाष्ण म्हणून बोलावणं नाही, विधवा म्हणून कुणाची कणवही नाही. ती मिरचीच्या पथारीवर, म्हणजे लाल मिरच्या वाळत घालतात त्या मैदानावर, कामाला जायची, देठ खुडून खुडून बोटं पेटायची. त्यातच तिने बाबांना मॅट्रिक केलं.

आणि आज पत्रिकेत तिच्या नावाला त्याची शेपटी लावायची?

मी काकांना तेच म्हणणार होते, वरच्या आवाजात. त्याआधी बाबा बोलले. शहात्तरी उलटलेला, कधीही आवाज न चढवणारा माणूस.

"काहीच लिखू नको. मायनं नाव लिख."
"आन् नावना मांगे?"
"तिना बापनं. माले त्यासनीच वाढवं."

काका पुटपुटले, लोक काय म्हणतील. बाबांनी प्रूफ हातात घेतलं आणि नवऱ्याच्या नावाची जागा पेनाने खोडली. कागद फाटला.

आजी, नीट जा. रडू येतंय, पण तुझ्यासाठी येतंय, त्याच्यासाठी एक टिपूस नाही.

वर कुठे तो भेटलाच, तर ओळख देऊ नकोस.
त्यानेही दिली नव्हती.