उधाणातली कृष्णविवरं

आमच्या घरात लग्नाची तारीखसुद्धा आधी पाणी बघून ठरते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. खाडीला ओढ असते, जाळी भरून येतात आणि ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात कुणाला मरायलाही फुरसत नसते. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी सुस्त. जाळी दुरुस्त करणं, पाहुण्यांकडे जाणं, राहिलेली भांडणं, सगळं भांगात.

आई मासळी निवडायची आणि विकायची. मी पीएचडीला लागले तेव्हा शेजाऱ्यांची समजूत झाली, की मी डोंगरापलीकडच्या अणुकेंद्रात बॉम्ब करते. आईला खरं काय ते हवं होतं. पण मी सांगायला बसले की तिच्यापुढे बोंबलांचा ढीग असायचा आणि ती म्हणायची, भांगात सांग. भांग आला की माझी कामं, नाहीतर माझा कंटाळा. पाच वर्षं अशीच गेली. आपण काय करतो हे आईला न कळताच सगळं संपणार, याचं मला फार वाईट वाटायचं.

म्हणून प्रबंधाच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला तिनं येऊन बसायचं ठरलं. ही परीक्षा सगळ्यांना खुली असते. माझ्या मार्गदर्शक सरांनी तारीख विचारली, मी म्हटलं, कुठलीही चालेल. चंद्राच्या ओढीची गणितं मुलांना शिकवणारी मी, पण कॅलेंडर काही उलटलं नाही. ते घरी आईनं उलटलं. ठरलेली तारीख निघाली पौर्णिमेचा दुसरा दिवस, ऐन उधाण.

"कोळ्याची पोर ना तू?" एवढंच ती म्हणाली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. मी एकटीच गेले.

परीक्षकांनी विचारलं, विश्वाच्या सुरुवातीचे क्वांटम चढउतार एवढे बारीक, त्यांच्यातून कृष्णविवरं कशी होतील? मी म्हटलं, सरासरी धरली तर होतच नाहीत. रिकामी जागाही स्वस्थ नसते, सारखी थोडी खालीवर होते. विश्व झपाट्यानं फुगलं तेव्हा हे चढउतारही ताणले गेले. त्यातला एखादाच इतका उंच निघतो, की पुढे तिथलं सगळं आपल्याच वजनानं आत कोसळतं. अजून असं कृष्णविवर कुणाला नक्की सापडलेलं नाही. पण शोधायचं तर त्या एखाद्याचाच हिशेब करावा लागतो. आमच्याकडे जाळ्याचा दोर रोजच्या पाण्यावर बेतत नाहीत, मोठ्यात मोठ्या उधाणावर बेततात. परीक्षक हसले. मी पास झाले.

संध्याकाळी घरी आले तर आई ओट्यावर, पुढे हा एवढा ढीग. पास झाल्याचं सांगितलं, दोराचंही सांगितलं. पाटी सरकवून तिनं मला जागा केली. मी म्हटलं, उधाण आहे आई, भांगात सांगते.

"पाच वर्षं भांगाचीच वाट बघतोय आपण. आता सांग."

मी रिकाम्या जागेपासून सुरुवात केली. तिचे हात चालूच होते. मधेच एक बोंबील तिनं कोळंबीच्या पाटीत टाकला, आणि तो तसाच राहू दिला.