उशिरा ऊन येणारं घर

लग्न होऊन पोफळीच्या कॉलनीत आले ती अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात. माझं माहेर दाभोळकडचं, किनाऱ्यावरचं. नजरेला अडवणारं काही असतं हे मला माहीतच नव्हतं. इथे क्वार्टरचं मागचं दार उघडलं की समोर थेट सह्याद्री, मान वर केल्याशिवाय माथा दिसू नये इतका जवळ. सूर्य त्याच्या पाठीमागून यायचा. सकाळी आधी लांबच्या शेतांवर ऊन पडायचं, मग ते चालत चालत आमच्या अंगणात यायचं. तोवर मी शाल घेऊन पायरीवर बसून राहायचे.

ऊन अंगणात पोचायच्या आधीच हे डोंगराच्या पोटात गेलेले असायचे. पॉवरहाउस आतच होतं. बस यांना घेऊन बोगद्यात शिरायची आणि संध्याकाळी परत आणायची. आल्यावर चहा पिताना मी यांना डोंगराच्या गोष्टी सांगायचे. आज ढग त्याच्या कमरेपर्यंत उतरले होते, दुपारी कडा जांभळा दिसत होता. दिवसभर त्याच डोंगरात असूनही हे लांबच्या गावची हकिकत ऐकावी तसे ऐकत राहायचे.

वरच्या धनगरवाड्यातली एक मावशी आठवड्यातून एकदा तूप विकायला खाली यायची. वरून तुझं दोरीवरचं धुणंसुद्धा दिसतं, असं ती सांगायची. मला ते खरं वाटायचं नाही.

दुसऱ्या वर्षी थंडी सरत आली असताना एका दुपारी मी तिच्याकडून तूप घेत होते, तेवढ्यात जमीन हलली. मांडणीवरची भांडी वाजली, दोन ताटं खाली आली. तिथे असे धक्के नेहमीचेच. शेजारपाजारचे लोक बाहेर आले, थोडं बोलून आत गेले. मला मात्र आत जाववेना. हे त्या दगडाच्या आत होते. मी पायरीवर बसले आणि डोंगराकडे बघत राहिले. तो तसाच होता, उन्हात झोपल्यासारखा, आणि त्याच्याकडे बघून काहीच कळत नव्हतं.

मावशीने टोपली खाली ठेवली आणि माझ्या शेजारी बसली. तिला उजेडात घर गाठायचं होतं, म्हणून मी तिला जा म्हटलं. ती उठली नाही.

"तो कूस बदलतो, बाय. तुझा माणूस येईल," एवढंच म्हणाली.

बस नेहमीच्या वेळेला आली. हे डबा घेऊन उतरले आणि आम्हा दोघींना तशा बसलेल्या बघून थबकले. आत मशिनांच्या घरघरीत धक्का फारसा जाणवलाही नव्हता, म्हणाले. ते ऐकून मला रडू फुटलं. हे बॅटरी घेऊन मावशीला पायवाटेपर्यंत सोडून आले. परत आल्यावर म्हणाले, "रविवारी वर जाऊ. मला नोकरीला आठ वर्षं झाली इथे, मी कधी गेलोच नाही."

रविवारी मावशीच्या मागोमाग कारवीच्या दाटीतून आम्ही चढलो. माथ्यावर पोचेपर्यंत दुपार झाली. खाली कॉलनीची छपरं तांदळाच्या दाण्यांएवढी दिसत होती, आणि आमच्या दोरीवरची पांढरी चादर खरंच ओळखू येत होती. पश्चिमेला डोंगरांमागे डोंगर, आणि सगळ्यांच्या शेवटी एक बारीक चकचकीत रेघ.

"ते तुझ्या माहेरचं पाणी," मावशी म्हणाली.

मी किती तरी वेळ तिकडेच बघत होते. यांचं लक्ष मात्र पायांखालच्या कातळाकडे होतं.

"कामावर असतो तेव्हा मी कुठे असेन गं?" यांनी हळूच विचारलं.

मी अंदाजाने सरळ खाली बोट दाखवलं. हे तिथेच बसले, दोन्ही हात जमिनीवर टेकवून.

मावशीने घरून नाचणीची भाकरी आणि दही आणलं. जेवण झालं आणि वाऱ्यावर, पिवळ्या गवतात मला कधी डोळा लागला कळलंच नाही. जागी झाले तेव्हा अंगावर घोंगडी होती. हे शेजारी बसून खालच्या खोऱ्याकडे बघत होते.

किती वेळ झोपले म्हणून मी विचारलं. यांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही.

"झोप अजून," म्हणाले. "उतरायला वेळ आहे."