उभ्यानं वाजव

"स्टूल काढा रे त्याच्या खालचं," जहागीरदार ओरडले. "आपल्या मांगाचं पोरगं हाय ते. आमच्यासमोर बसून वाजवील व्हय?"

गड्यानं स्टूल ओढलं. मी पियानोसमोर दाणकन आपटलो. दिवाणखान्यातले पाहुणे हसले. हैदराबादहून आलेले मोठमोठे अंमलदार. एकाच्या हातातलं सरबत सांडलं, इतका तो हसला.

निजामाचं राज्य होतं. परभणीच्या बंगल्यात जहागीरदारांच्या मुलाचा साखरपुडा होता. पाहुण्यांवर छाप पाडायला त्यांनी कुणा साहेबाचा पियानो विकत घेतलेला, आणि वाजवणारा पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्लबातून मागवलेला. येईल कुणी टोपीवाला गोरा, असं त्यांना वाटलं असणार. आलो मी. कोट-पँट घालून. मी बसलो, एक धून वाजवली, टाळ्याही पडल्या. मग कारभाऱ्यानं माझं तोंड नीट पाहिलं, ओळखलं आणि तो मालकाच्या कानाला लागला.

क्लबात मी आधी फरशी पुसायचो. एका गार्डाची बायको तिथं जॅझ वाजवायची. ठोका जिथं यायला पाहिजे तिथं यायचाच नाही, जरा हुलकावणी देऊन यायचा. माझा बाप हलगीवर हेच करायचा. म्हणून मला ते परकं वाटलं नाही. त्या बाईनं मला शिकवलं, शनिवारच्या नाचाला वाजवायला बसवलं. तिथं कुणी जात विचारली नाही असं म्हणणार नाही. विचारली. पण नाचायचं थांबले नाहीत.

बाप त्या दिवशी बंगल्याच्या फाटकात होता. हलगी घेऊन. उभा. धन्याच्या दारात मांगानं उभ्यानंच वाजवायचं, हा आमच्याकडचा रिवाज. पाय सुजले तरी टेकायचं नाही. गावातल्या सगळ्या लग्नांचं वाजवणं बापाकडं होतं, ते या उभं राहण्यावर.

"उभ्यानं वाजव," जहागीरदार म्हणाले. "न्हाई तर उद्यापासून तुझ्या बापाची हलगी बंद."

बापाला आत बोलावलं. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. मला म्हणाला, "वाजव की रे लेकरा. उभं राह्याची आपल्याला काय नवी सवय हाय?"

मला राग आला. जहागीरदारांचा आलाच, पण बापाचा जास्त आला. तो अजूनही पुरता उतरलेला नाही.

मी उभ्यानं वाजवलं. कमरेत वाकून, एका पायावर तोल धरून, दुसरा पाय खाली पेडलवर. पियानो असा वाजत नाही. खांद्यातलं बळ बोटांत उतरत नाही, पेडल सुटतं, सूर तुटून पडतात. मी डावीकडं झुकलो की पाहुणे हसायचे, उजवीकडं झुकलो की हसायचे. एक अंमलदार म्हणाला, "वाह, क्या नाचता है!"

जहागीरदारांनी मांडीवर थाप मारली. "गेला शेवटी जातीवर!"

माझे हात थांबले. ती धून मी स्वतः रचलेली होती. बापाच्या ठेक्यावर. आणि तीच मी या लोकांच्या दातांपुढं टाकत होतो. लाज वाटली. स्वतःची.

भिंतीशी ठेवलेलं स्टूल मी उचलून आणलं आणि बसलो.

"ऊठ."

"न्हाई उठत."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. डाव्या हातात हलगीचा ठेका, उजव्या हातात मला वाटेल ते. अर्धीही झाली नसेल, गड्यांनी मला उचललं. फाटकापर्यंत बडवत नेलं. तिथं बापाची हलगी हिसकून पायाखाली फोडली.

बापाचं काम गेलं. तो मरेपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. पुढं निजाम गेला, जहागिऱ्याही गेल्या, पण त्यामुळं आमच्या घरात काही जुळलं नाही. मी हैदराबादच्या हॉटेलांत वाजवलं. धुना रचल्या. आता पोरांना शिकवतो.

परवा त्याच घरून माणूस आला. जहागीरदारांच्या नातवाचं लग्न आहे. "मालक म्हनले, झालं गेलं सोडा. या येळेला चांगली गादीची खुर्ची टाकतो तुमच्यासाठी."

टाकतो म्हणे. म्हणजे अजूनही देणारे तेच.

मी त्याला सांगितलं, "जाऊन सांग. तुमच्या दारात मी वाजवणार न्हाई. बसूनसुद्धा न्हाई."