मोटरीत राहिलेलं धोतर

माझ्या बानं पहिली फुलपँट घातली तेव्हा तो पंचेचाळिशीला आला होता. कानाजवळचे केस पांढरे, मिशी अर्धी पांढरी. एवढ्या वयात माणूस गुडघ्याला तेल चोळतो. आमच्या बाच्या मनात पँट भरली होती.

कापसाच्या हंगामात तो वर्ध्याला सरकी काढायच्या जिनात कामाला जायचा, रुईच्या गाठी वाहायला. तिथले फिटर लोक पँट घालत, वरून बुशकोट सोडत, खिशात कंगवा. बा घरी आला की त्यांच्या कपड्यांचंच वर्णन.

"पँटीले इस्त्रीची अशी धार असते, हात लावला तं कापून जाईन."

माय भाकरी थापता थापता म्हणे, "तुमाले हात लावाले कोन सांगते?"

पण हौस मोठी. आरशाचा एक तुकडा होता आमच्याकडे, तळहाताएवढा. त्यात बा एकदा मिशी बघे, एकदा भांग बघे, असं तुकड्या-तुकड्यानं स्वतःला बघून घेई. अख्खा माणूस त्यात मावत नसे.

तोवर बाच्या अंगावर जे आलं ते दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं. गावच्या जुन्या मालगुजाराकडून दर दिवाळीला एक वापरलेलं धोतर मिळायचं. एकदा कोट मिळाला, त्याच्या बाह्या बाची बोटं झाकून खाली लोंबायच्या. स्वतःचं काही शिवायचं म्हटलं तरी गावचा शिंपी आम्हाला टेप लावत नसे. अंगणात उभं राहायचं, तो ओसरीवरून डोळ्यानं अंदाज घ्यायचा. म्हणून आमच्या वस्तीत कुणाचा सदरा काखेत धरायचा, कुणाचा पोत्यासारखा. आम्हाला वाटे, आपली अंगंच तशी असतील.

मग वस्तीनं दीक्षा घेतली. पांढरे कपडे घालून मोठी माणसं नागपूरला गेली, आली, आणि वस्तीतलं बोलणंच बदललं. उतरलेलं घ्यायचं नाही असं ठरलं. ठरवणं सोपं हो. लगेचच्या दिवाळीला मालगुजारानं धोतर पुढे केलं आणि बानं मान खाली घालून ते घेतलं. मायनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बोलली ती माझ्यावरून.

मी तेव्हा गावच्या शाळेत चौथीत होते. पुढची शाळा वर्ध्याला, राहायला मुलींचं वसतिगृह. मायला मला तिथे घालायचं होतं. बाला नको होतं असं नाही, पण तो भ्यायचा. लोक काय म्हणतील, मालक काय म्हणेल, शाळेत जाऊन बोलायचं कसं. आज करू, उद्या करू चाललेलं. हंगाम संपता संपता त्यानं वर्ध्याच्या दर्ज्याकडे पँट आणि बुशकोट टाकल्याचं घरी सांगितलं, तेव्हा माय चुलीपुढून उठलीच.

"शिवा बाप्पा, शिवा. पन घालसान कुठी? वर्ध्यात? तिथं कोन वळखते तुमाले? गावातून घालून या, भर दुपारचे. गावातून पँट घालून चालाची ज्याची हिंमत नाई, तो पोट्टीले घेऊन शाळेत काय जाईन?"

वर माय म्हणाली, "पोट्टीले संगं न्या. थेच सांगन मले." म्हणजे मी पहारेकरी.

दर्ज्याचं दुकान बाजारात होतं, एका जिन्याखाली. मास्टर म्हातारे, दाढीवाले, हिंदीत बोलायचे. बुशकोट तयार होता, पण पँटीची कंबर पक्की करायची राहिली होती. मास्टर उठले आणि सरळ बाच्या कमरेभोवती टेप घातला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी बाचं तोंड पाहत होते. आधी एकदा माप दिलेलं होतं त्यानं, तरी अंग चोरून, वाकून उभा होता. मास्टरांनी त्याच्या पाठीत दोन बोटं टोचली.

"सीधे खड़े रहो भाऊ. झुको मत. झुकने से माप गलत आता है."

बा सरळ झाला. मला वाटलं, हा आपला बा एवढा उंच कधी झाला? त्या मास्टरांचे उपकार मी आजही मानते. त्यांना ठाऊकही नसेल त्यांनी काय केलं. त्यांच्यासाठी ते माप होतं, दुसरं काही नाही.

पँट राखी रंगाची, बुशकोट बदामी, दोन खिशांचा. बानं पडद्यामागे जाऊन घातलं आणि बाहेर आला तो कमरेवर दोन्ही हातांनी पँट धरून, धोतरासारखी सुटेल म्हणून.

"छोड़ दो, गिरेगी नहीं," मास्टर हसले. "हाथ जेब में डालो."

बानं हात खिशात घातले. गावात आमच्या माणसांचे हात कसे असायचे सांगू? बोलताना पुढे जोडलेले, नाहीतर डोक्यावरच्या ओझ्याला. हात ठेवायला स्वतःची अशी जागा अंगावरच असते हे बाला तेव्हा कळलं. त्यानं आत बोटं हलवून पाहिली. मास्टरांच्या दुकानात आरसा होता, माणसाएवढा. बा त्याच्यापुढे किती वेळ उभा राहिला असेल! शेवटी मीच म्हटलं, "बा, मोटर सुटन."

मास्टरांनी जुनं धोतर आणि सदरा घडी करून आमच्या कापडी पिशवीत घातला आणि पिशवी माझ्याकडे दिली. धोतर तेच, दिवाळीचं.

मोटरीत बा खिडकीशी बसला. गुडघ्यावरची घडी मोडू नये म्हणून पाय लांब करून, पुढच्या सीटखाली घालून. शेजारच्या माणसानं विचारलं, "सायेब, टाइम काय झाला?" घड्याळ कुठलं! तरी बानं मनगटाकडे पाहिलं, मग सूर्याकडे पाहून वेळ सांगितली. मला हसू आवरेना. पण गाव जवळ आलं तसा तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला,

"वडाखाली उतरलो का बदलून घेऊ. घरी गेल्यावर घालतो पुन्हा, तुह्या मायपुढं."

"माय म्हने गावातून..."

"मायले सांगजो नको."

मी मान डोलावली. पण माझी शाळा मला त्या पिशवीत घडी घालून ठेवल्यासारखी वाटली. मायशी खोटं बोलायचं, बाचंही ऐकायचं, दहा वर्षांच्या पोरीनं करावं काय? मी बाच्या पँटीकडे पाहत बसले. पिशवी कधी मांडीवरून खाली ठेवली तेही कळलं नाही.

आमचं गाव सडकेपासून आत. सडकेवर वड, तिथे मोटर थांबे. मी पुढे उतरले, बा मागून. मोटर धूळ उडवत पुढच्या आंजी गावाकडे निघून गेली. बा वडाच्या बुंध्यामागे गेला नि हात पुढे केला. तेव्हा मला कळलं, माझे दोन्ही हात रिकामे आहेत.

"बा, पिशवी!"

मी भोकाड पसरलं. मारेल असं वाटलं. बा सडकेकडे पाहत राहिला. धूळ बसली, सडक दिसायला लागली, मोटर नव्हती. म्हणाला, "डोये पूस. लोकं म्हनतीन नव्या पँटवाल्याची पोट्टी रडून राह्यली." आणि खिशात हात घालून चालायला लागला.

भर दुपार. गावात शिरताच पार लागतो, आणि पारावर मालगुजार आपल्या चार माणसांसोबत बसलेला. कोणीतरी लांबूनच ओरडलं, "अबे, हा कोन सायेब आला? तलाठी तं नव्हे?" एक जण खरंच उठून उभा राहिला, अंगरखा सारखा करायला लागला. जवळ आलो तसं त्यानं ओळखलं आणि झटकन खाली बसला. बाकीचे हसले ते बाला नाही, त्यालाच हसले. मालगुजार मात्र हसला नाही.

"काऊन बे, आमी देल्लं धोतर कुठी हाय?"

मी बाच्या पाठीमागे झाले. मला त्याची पाठ दिसत होती. वाटलं, आता वाकेल. मास्टरांनी बोटं टोचली होती ती जागा मी पाहत होते. पाठ हलली नाही.

"मोटरीत राह्यलं, मालक."

"राह्यलं?"

"हो. इसरलं. कोनाच्या तरी कामी येईन."

मला त्यात खोटं काही दिसलं नाही. मालगुजारानं तंबाखूची चंची उघडली, बंद केली. शेवटी म्हणाला, "दिवाळीले येजो नको मंग."

"नाई येत," बा म्हणाला.

एवढंच. कोणी मारलं नाही, कोणी अडवलं नाही. दुसऱ्या गावांत याहून थोडक्यासाठी माणसं मार खात होती, हे मला पुढे कळलं. आमचं नशीब म्हणा. पण नशिबाच्या आधी चालावं तर लागतंच.

माय दारात उभी होती. तिनं बाला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, पदर तोंडाला लावला, आणि म्हणाली, "या सायेब, बसा. मालक घरी नाईत." मग तिला हसू आलं आणि रडूही. बाला बसता येईना. कंबर नवी, कापड कडक, मांडी घातली की शिवण कुरकुरे. तो उखळावर बसून जेवला. माय म्हणाली, "आता शाळेत खुर्चीच मागजा."

जूनमध्ये त्याच पँटीत तो मला वर्ध्याला घेऊन गेला. बाईंनी खरंच खुर्ची दाखवली, "बसा" म्हणाल्या, आणि बा बसला, मास्टरांनी शिकवल्यासारखा सरळ. मी सातवीपर्यंत शिकले, पुढचं आपलं आपण वाचून. हे लिहिते आहे ते त्यातूनच.

ती पिशवी माझ्या मनात मात्र राहिली. मी विसरले म्हणून बाला तसं गावातून चालावं लागलं, काही झालं असतं तर माझ्यामुळे झालं असतं, असं मला कितीतरी वर्षं वाटे. बा म्हातारा झाल्यावर एकदा त्याचे पाय चेपता चेपता मी ते बोलून टाकलं. तो डोळे मिटून पडला होता. डोळे न उघडताच म्हणाला,

"मी पाह्यली होती ना पिशवी. उतरताना. सीटखाली होती."

मी पाय चेपायची थांबले. "मंग घेतली काऊन नाई? आन वडामांगं जाऊन हात काऊन पुढं केला?"

"मीच तं म्हनलो होतो बदलतो म्हनून, मंग पिशवी जानून सोडली हे तुह्यापुढं कसं दाखवू?" मग हसला. "पिशवी घ्याची म्हनलं तं वाकावं लागलं असतं पोरी. अन हात खिशात होते. काढू वाटले नाईत."