भाकर किती उरली

जव्हारात सिनेमावर लिहिणारा माणूस एकच, आणि तो मी. शाळेत मराठी शिकवतो. महिन्यातून दोनदा नाशिकला जाऊन नवा सिनेमा बघतो आणि परत आलो की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याला स्टार देतो. ग्रुपात दोनशे अकरा माणसं आहेत. त्यातली पन्नाससाठ मला अंगठा दाखवतात, चांगल्या अर्थाने, आणि तेवढ्यावर माझा आठवडा बरा जातो.

साखरशेतची लाडकीबाई या ग्रुपात नाही. तिचा फोन बटणांचा, आणि तोही बहुतेक वेळा तांदळाच्या डब्यात ठेवलेला असतो. तरीही बाजारात, जीपच्या थांब्यावर, दवाखान्याच्या रांगेत बायका विचारतात ते तिलाच. "लाडकीबाय, आता कोन्ता बघायचा?" मी बाजूला उभा असलो तरी. अगदी कालपरवापर्यंत मला याचा भयंकर राग यायचा. आता येत नाही, आणि का येत नाही तेच सांगायला बसलोय.

लाडकीबाई पंचावन्नच्या आसपासची. भात आणि नाचणी करते. पावसात आवणी, म्हणजे भाताची रोपं काढून खाचरात लावायचं काम. भात झोडून झाला की गावातल्या बायकांबरोबर नाशिककडे द्राक्षाच्या बागांत कामाला जाते. सुट्टीच्या दिवशी या बायका शहरात येतात आणि जो लागला असेल तो सिनेमा बघतात. निवडानिवड काही नाही. बसायला जागा मिळेल तो खेळ आपला. याला वीस-बावीस वर्षं झाली. आता मुलगी मीना नाशकातच दिली आहे, तेव्हा तिच्याकडे गेली की आणखी एखादा होतो.

सिनेमाला जाताना तिच्या ओच्यात नाचणीची एक भाकर बांधलेली असते, वर थोडा ठेचा. दारावरचा माणूस पिशव्या तपासतो, डबे बाहेर ठेवायला लावतो. ओचा तपासायची त्याची छाती नाही. सिनेमा कंटाळवाणा झाला की लाडकीबाई गाठ सोडते आणि खायला लागते. चांगला असला की तिला भाकरीची आठवणच होत नाही. बाहेर आल्यावर बायका एवढंच विचारतात, "भाकर किती उरली?" पाव उरली म्हणजे पैसे फुकट गेले. अर्धी उरली म्हणजे बघायला हरकत नाही. हे माप आता जव्हारात सगळ्यांना पाठ आहे. अख्खी भाकर परत आल्याचं वीस वर्षांत दोनदाच घडलं होतं. मी चार-चार स्टार येता-जाता वाटत आलोय.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मोखाड्याच्या जीपमध्ये आम्ही शेजारी-शेजारी कोंबले गेलो. एका युद्धाच्या सिनेमाला मी नुकतेच साडेतीन स्टार दिले होते. तोच तिनेही पाहिला होता.

"पाव उरली," ती म्हणाली.

"अहो, पण लढाई काय सुंदर घेतलीय!"

"लढाई ऱ्हाऊ द्या, गुरुजी. तो गडी तीन तास उन्हात पळत होता. एकदा तरी पानी प्याला काय?"

मी आठवून पाहिलं. नव्हता प्याला.

मग तिची गाडी जी सुटली ती घाट संपेपर्यंत थांबली नाही. भुताच्या सिनेमात बंगल्यात सात माणसं राहतात, पण चूल पेटवताना कोणी दिसत नाही. भूत आलं नसतं तरी ती उपाशी मेलीच असती. प्रेमाच्या सिनेमात हिरोने पोरीसाठी नोकरी सोडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, "अन् मंग खाल्लं काय दोघांनी?" आणि तो गाजलेला सिनेमा, ज्याचा उरलेला भाग पुढच्या वर्षी येणार आहे, त्याच्यावर तर तिचा विशेष राग. "निम्मी आवणी टाकून कोनी घरी जातं काय?" जीप चालवणारा हरेश इतका हसला की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली. मी म्हणालो, सिनेमात सगळंच दाखवायचं नसतं. ती म्हणाली, "नका दाखवू. पन खोटं बी दाखवू नका."

मला वाटलं, बाईला सिनेमातलं काही कळत नाही. हे मी त्या दिवशी घरी बायकोला बोलूनही दाखवलं.

त्याच वर्षी आवणीच्या दिवसांत उमेश नावाचा एक तरुण दिग्दर्शक ठाण्याहून साखरशेतला शूटिंगला आला. त्याची नायिका डोंगरातली शेतकरीण होती. खाचरं साखरशेतची, सिनेमातल्या गावाचं नावही साखरशेत, आणि नायिकेच्या मागे आवणी करणाऱ्या चौदा बायकाही तिथल्याच. त्यांत सगळ्यात पुढे लाडकीबाईची जाऊ, सकू. लाडकीबाई स्वतः तेव्हा मीनाच्या बाळंतपणाला नाशकात होती. सिनेमाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे झालं ते त्या पोराने मोठ्या मनाने घेतलं.

यंदा आषाढात सिनेमा तयार झाला. तो दिवाळीत लागायचा होता. त्याआधी गावाला दाखवावा म्हणून उमेशने जव्हारच्या एका सभागृहात रविवारी दुपारी पडदा लावला. हातातली आवणी टाकून बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. मी लाडकीबाईच्या शेजारची खुर्ची धरली. माझा एक डोळा पडद्यावर होता आणि एक तिच्या ओच्यावर.

तासभर गाठ सुटली नाही. मग आवणीचं दृश्य आलं. खाली उतरलेले ढग, पाण्याने भरलेलं खाचर, आणि नायिका व तिच्यामागून चौदा बायका रोपं लावत-लावत आपल्याकडे चालत येतात. सभागृहात शिट्ट्या झाल्या. "सकू! ती बघ सकू!" मी तिथल्या तिथे मोबाईल काढला, 'मातीशी असलेलं नातं सांगणारं अप्रतिम दृश्य' असं लिहिलं आणि ग्रुपवर टाकूनही दिलं.

तेवढ्यात शेजारून ठेच्याचा वास आला. लाडकीबाई भाकर मोडत होती. सिनेमा संपला तेव्हा ओच्यात कण उरला नव्हता.

दिवे लागले. उमेशने माईक हातात घेऊन विचारलं, कसा वाटला? सगळ्यांनी चांगला म्हटलं. मी चार मिनिटं बोललो. मग मागून कोणीतरी ओरडलं, "लाडकीबायला इचारा!" पलीकडे बसलेल्या सकूने तिचं मनगट घट्ट धरलं. "गप ऱ्हा. सगळ्यांम्होरं आपलीच लाज जाईल." मीही हळूच म्हणालो, "लाडकीबाई, पाहुणा आहे तो." तिने मनगट सोडवून घेतलं आणि उभी राहिली.

"आवणी करताना बाई मागं चालते," ती म्हणाली. "म्होरं चाललं तं आपलंच लावलेलं आपल्या पायाखाली येतं. ह्या बायांनी सगळं तुडवलं. जिथं जिथं भात होतो तिथं लोक हा सिनेमा बघतील अन् म्हनतील, साखरशेतच्या बायांना आवणी येत नाय."

एकोणीस वर्षं दर आषाढात मी शाळेच्या खिडकीतून वाकलेल्या बायका मागे-मागे सरकताना बघत आलोय, आणि मला ते दिसलं नव्हतं. माझे कान तापले.

उमेशचा चेहरा पडला. "मावशी, यांची चूक नाही. कॅमेऱ्यात चेहरे यायला हवे होते, म्हणून मीच यांना पुढे या म्हणालो. शहरातल्या माणसांना काय कळणार आहे?"

"त्यांना नाय कळनार. पन माझ्या सकूला जन्मभर कळंल. हिच्यावानी हात ह्या खोऱ्यात कोनाचा नाय. अन् तू पडद्यावर हिला आडानी केलंस, बाबा." मग जरा थांबून, "अजून आठेक दिवस आवणी चालंल. येयाचं तं तवर ये."

सकू ताडकन उठून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून दोघी जावा एकाच खाचरात काम करत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. गावातली माणसंही लाडकीबाईवर चिडली. एवढा सिनेमा काढला, आपलं नाव केलं, आणि हिने त्याला सगळ्यांदेखत घालून पाडून बोलावं? आता दिवाळीत नाशिकला सिनेमा लागला की तो आपल्याला बोलावणार का? मी ग्रुपवरचं माझं वाक्य काढून टाकलं, पण तोवर त्याला एकोणसत्तर अंगठे आले होते.

लाडकीबाईला मी बांधावर गाठलं. म्हटलं, वाईट वाटत असेल. ती वाकलेलीच होती. "वाटतं तं. सकू बोलत नाय, ते वाटतं. पन बोलले त्याचं नाय वाटत."

पाचव्या दिवशी सकाळी उमेशची गाडी साखरशेतला आली. कॅमेरा होता, नायिका होती, पण बडेजाव काही नव्हता. तो चिखल तुडवत थेट लाडकीबाईच्या खाचरापाशी आला. म्हणाला, "मावशी, मी तो तुकडा परत-परत बघितला. त्यांच्या पायांमागे आडवी झालेली रोपं दिसतात. आता मला दुसरं काही दिसतच नाही. पण मागे चालल्या तर तुम्ही सगळ्या कॅमेऱ्यापासून लांब जाणार. मी करू काय?"

लाडकीबाईने कंबरेवर हात ठेवून खाचराकडे पाहिलं. मग त्याला दंडाला धरून बांधाच्या एका टोकाला नेऊन उभं केलं.

"हितं उभा ऱ्हा. आमी तुझ्या पायापासून लावायला घेतो अन् मागं जातो. आमी लांब जाऊ, पन आवण तुझ्याम्होरं वाढत जाईल. तोंडं तं तुझ्याकडंच ऱ्हातील."

उमेशने कॅमेरा तिथे लावायला सांगितला.

नायिका पहिल्याच ओळीला मागच्या मागे चिखलात बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा सकूने तिला काखेत धरून उभी केली आणि पाय कसा टेकत मागे न्यायचा ते दाखवलं. ते दाखवताना सकूच्या हातातली रोपं संपली. तिने मागे न बघता हात पसरला आणि चार दिवसांत पहिल्यांदा जावेशी बोलली, "बघतेस काय? जुडी दे." लाडकीबाईने जुडी दिली. दोघींनी मिळून दुपारपर्यंत ते खाचर भरून काढलं, कॅमेरा बंद झाल्यावरही.

दिवाळीत सिनेमा लागला. उमेशने बोलावलं, आणि सगळ्या पंधरा जणी नाशिकला गेल्या, मीही गेलो. थिएटर भरलेलं. आमच्या मागच्या रांगेत इगतपुरीकडची शेतकरी मंडळी होती, भाताच्याच मुलखातली. ती बघून मी खुर्चीत जरा खाली सरकलो.

दृश्य आलं. नुसता चिखल आणि पाणी. पडद्याच्या खालच्या कडेला हिरवी रोपं उभी राहिली, मग त्यांच्यामागे आणखी, मग आणखी, आणि हिरवं वाढत वाढत वर गेलं. बायका वाकून मागे-मागे सरकत होत्या. मधोमध सकू, एका लयीत, हात दिसू नये इतकी भराभर. मागच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "आरं, ह्या खऱ्या हाईत! त्या मधल्या बाईचा हात बघ, हात!" आणि त्याने टाळी वाजवली. मग त्याची रांग, मग आमची, मग सगळं थिएटर. सकूने पदर तोंडावर घेतला आणि रडायला लागली. लाडकीबाईने तिच्या डोक्यात हलकीशी टपली मारली आणि पदर खाली ओढला. "रड मागून. आधी बघ सोताला."

बाहेर आल्यावर पायऱ्यांवरच बायकांनी घोळका केला. "भाकर किती उरली?"

लाडकीबाईने गाठ सोडली. भाकर सकाळी बांधली होती तशीच होती. तिने ती सकूच्या हातात दिली आणि म्हणाली, "मोड. तुझी हाय."

सकूने तिथेच उभ्या-उभ्या सगळ्यांना तुकडे वाटले. एक मलाही आला. तो खाऊन मी मोबाईल काढला. स्टार दिले नाहीत. ग्रुपवर दोनच शब्द लिहिले: 'अख्खी उरली.' दोनशे अकरा माणसांत एकानेही अर्थ विचारला नाही.