मधातल्या माणसाची जागा

गडचांदूरला माझ्या एका मित्राचा फोटो स्टुडिओ होता. लग्नांच्या शूटिंगवर पोट, पण जीव सगळा गाण्यांच्या व्हिडिओ सीडीत. मी त्याच्या गाण्यांत ढोलकी घेऊन दिसायचो. त्याची एक खोड मला छळायची. कॅमेरा लावला की म्हणायचा, "भाऊ, मधात एका मानसाची जागा सोडा." काऊन म्हणून विचारलं, की लेन्स पुसत बसायचा.

एकदा मार्कंड्याला, वैनगंगेच्या रेतीत, त्याने आम्हा चौघांना उलट्या पावली चालवलं. नंतर चित्र उलटं फिरवलं की आम्ही सरळ चालताना दिसणार आणि बाकी जग उलटं, अशी त्याची करामत.

स्टुडिओत टीव्हीवर पाहिलं, तर खरंच! काठावरच्या शेळ्या मागे मागे सरकत होत्या, आम्ही ऐटीत पुढे येत होतो. आणि मधल्या जागेत हिरव्या लुगड्यातली एक बाई, आमच्यासारखीच सरळ चालत. म्हणजे रेतीत तीही आमच्यासोबत उलट्या पावली चालली होती.

"हे बाई कोन?" मी विचारलं.

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. 

"तुमाले बी दिसते?" तो म्हणाला. "मले वाटे, मले एकट्यालेच दिसते."